एका हातानं सुटणारी पट्टी

प्रिय ताई,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. ड्यूटीवरून आत्ताच आली असशील तर आधी पाय धू, चहा टाक आणि मग निवांत बस. मी लिहायला घेतलंय म्हणजे लांबणार, हे तुला ठाऊकच आहे. लहानपणी तू मला दुकानातून काय आणायचं ते चार शब्दांत सांगायचीस आणि मी परत येऊन त्या दुकानाची गोष्ट अर्धा तास सांगायचे, वर निम्म्या वस्तू विसरलेल्या असायच्या त्या वेगळ्याच. फोन केला असता तर पहिल्या दोन वाक्यांतच मी तो ठेवून दिला असता. आणि गेल्या दीड वर्षात आपण फोनवर बोलतो काय, तर हवा, धाकट्याची बदली आणि तुझी कंबर. त्यात एवढी मोठी गोष्ट कुठून घुसवायची?

तर ऐक. आज सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी तुझी पट्टी जगासमोर आली. तीच, तुझ्या वॉर्डातल्या दिवस न भरलेल्या बाळांच्या हाताला सलाईनची सुई जागेवर धरून ठेवणारी, गोंद नसलेली, तू जुन्या बनियनच्या काठापासून पहिल्यांदा केलीस ती. तिच्या पेटंटचा अर्ज आज प्रसिद्ध झाला. मी सकाळी साडेनऊपासून कचेरीत संगणकासमोर बसून होते. क्रमांक टाकला की ‘असा अर्ज सापडला नाही’ असं यायचं, पुन्हा टाकला की पुन्हा तेच. आणि मग एकदम पान उघडलं. वर क्रमांक, त्याखाली तारीख, त्याखाली ‘शोधकर्ते’, आणि तिथे पहिलं नाव तुझं. पूर्ण नाव, ताई, शाळेच्या दाखल्यावर आहे तसं. तेरा वर्षं मी हेच काम करते आहे, अशी पहिली पानं शेकड्यांनी पाहिली आहेत, पण अंगावर काटा आला तो आज. मी खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले, तरी नाव तिथेच होतं.

हे प्रसिद्ध होणं म्हणजे काय ते नीट सांगते, नाहीतर तुला वाटेल पेपरात फोटो येणार. अर्ज दिला की तो अठरा महिने कुलपात असतो. त्या काळात तो कुणी म्हणजे कुणी पाहायचा नाही, आणि आम्ही कारकून मंडळींनी तर घरी झोपेतसुद्धा बडबडायचं नाही. मग ठरलेल्या दिवशी कुलूप निघतं आणि तो सगळ्यांचा होतो. पेटंट मिळतं की नाही, ते नंतर कळेल, त्याची परीक्षा अजून व्हायची आहे. पण एकदा प्रसिद्ध झालं की ते पान परत घेता येत नाही. तू पाहिलेलीसुद्धा नाहीत अशा गावांत बसून कुणीही ते उघडू शकतो. शंभर वर्षांनी कुणी असलीच पट्टी करायला बसला, तर त्याला आधी तुझं पान वाचावं लागेल आणि कबूल करावं लागेल की हे या बाईला आधी सुचलं होतं. मी हे लिहिते आहे आणि माझाच विश्वास बसत नाहीये. आपल्या घरातून आजवर बाहेर गेलेला सर्वांत दूरचा कागद म्हणजे धाकट्याच्या नोकरीचा अर्ज, आणि तोही पत्ता चुकल्यामुळे परत आला होता.

आता मागे जाते. तुझी फाइल माझ्या टेबलावर आली तो गुरुवार होता. आमची कचेरी तुला माहीतच आहे, चष्म्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या. एका खोलीत मॅडम, म्हणजे आमच्या पेटंट एजंट, ज्यांच्या सहीशिवाय आमच्याकडून काहीच बाहेर जात नाही. दुसऱ्या खोलीत आकृत्या काढणारे काका, ज्यांना सगळे रेघकाका म्हणतात, कारण रेघ जरा जाड पडली की त्यांचा दिवस खराब जातो. तिसऱ्या खोलीत फायली आणि मी. फाइलवर तुमच्या वॉर्डाच्या डॉक्टरांचं नाव होतं. आत चार टंकलेली पानं, काही फोटो आणि रुग्णालयाच्या वर्कशॉपमधल्या इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेल्या आकृत्या. आकृती तीन पाहिली आणि माझा हात थांबला. त्यात पट्टीचं टोक कसं अडकवायचं ते दाखवलं होतं. एक फेरा, एक दुमड, आणि एक मोकळं शेपूट, जे ओढलं की सगळं अलगद सुटतं.

ताई, ती माझ्या रिबिनीची गाठ होती. आई कामावर, धाकटा कायम तुझ्या कडेवर, आणि शाळेला जाताना माझ्या दोन वेण्या. तू एक हात त्याच्या पाठीखाली ठेवून दुसऱ्या हातानं माझी रिबीन बांधायचीस, टोक दातांत धरायचीस. संध्याकाळी सोडवताना तर नुसतं एक शेपूट ओढायचीस आणि वेणी मोकळी. मला तेव्हा वाटायचं की सगळ्यांच्या बहिणी असंच बांधतात. पुढे कॉलेजात एका मैत्रिणीची वेणी मी तशी बांधायला गेले, तर दोन्ही हात मोकळे असूनही मला जमलं नाही. एखादं अक्षर पाहून कुणाचं ते ओळखावं, तशी मी ती आकृती ओळखली. डॉक्टरांच्या पानांत शेवटी एक ओळ होती की मूळ कल्पना वॉर्डातल्या एका सिस्टरची आहे. नाव दिलेलं नव्हतं. शोधकर्त्यांच्या रकान्यात दोनच नावं होती, डॉक्टर आणि इंजिनिअर.

त्यानंतरच्या रविवारी तू आलीस. साबणाच्या डबीत पट्टी घालून आणली होतीस. माझ्या मनगटावर घालून दाखवायला गेलीस, तर ती माझ्या अंगठ्यातसुद्धा जाईना, आणि तू खूप हसलीस. मग जरा लाजतच म्हणालीस, “आमचे डॉक्टर म्हणत होते, वकिलाकडे पाठवून बघू. तू त्यातलीच आहेस, म्हणून विचारते. खरंच होतं का गं असल्या गोष्टींचं काही?” आणि मी म्हणाले, “अगं, असल्या पट्ट्याबिट्ट्यांना कोण पेटंट देतंय? आणि हे बघ, मला यातलं काही विचारत जाऊ नकोस.” तू डबी बंद केलीस, आपले दोघींचे कप विसळून ठेवलेस आणि बस चुकेल म्हणून निघालीस. बसला अजून पाऊण तास होता, हे आपल्या दोघींनाही माहीत होतं.

त्यानंतर मी तुझ्याकडे आले नाही. तुझ्या कंबरेची एवढी चौकशी केली, पण कंबर बघायला काही फिरकले नाही. मी स्वतःला सांगत होते की नियम आहे. फाइल माझ्या टेबलावर आहे, तोंडातून एक शब्द जाता कामा नये, आणि तुझ्यासमोर बसले तर माझं तोंड मला आवरणार नाही. नियम खराच होता, ताई. त्यात खोटं काही नाही. नुसतं ‘मला बोलता येत नाही’ असं म्हटलं असतं, तरी तू हुशार, लगेच ओळखलं असतंस. पण ‘कोण पेटंट देतंय’ असं म्हणायला मला कुठल्याच नियमानं सांगितलं नव्हतं. ते माझं मी म्हणाले. आणि रकान्यात तुझं नाव का नव्हतं, तेही सांगायचंय. ते मला सरळ लिहवत नाहीये, म्हणून आधी बाकीचं उरकते.

वर्ष उलटून गेलं. अर्ज प्रसिद्ध व्हायची वेळ जवळ आली. मधल्या काळात मॅडमनी त्यातले दावे घासूनपुसून नीट केले होते, म्हणजे ‘या पट्टीत नवीन ते नेमकं काय’ हे सांगणारी वाक्यं. रेघकाकांनी आकृत्या नव्यानं काढल्या होत्या. अशा वेळी प्रसिद्ध काय व्हायचं, जुनं की सुधारलेलं? सुधारलेलं हवं असेल तर ठरलेल्या तारखेच्या आत त्याची नवी प्रत संगणकावरून, पेटंट कार्यालयाच्या पद्धतीनं, त्यांच्या पोर्टलवर भरावी लागते. ती वेळेत पोचली नाही किंवा नियमात बसली नाही, तर पेटंट कार्यालय भांडत नाही, विचारत नाही, गुपचूप जुनीच प्रत प्रसिद्ध करून टाकतं. आणि त्यांच्या पद्धती तरी किती! पानाच्या चारी बाजूंना ठरलेली जागा सोडायची. प्रत्येक परिच्छेदाला आकडा. आकृत्या निव्वळ काळ्या-पांढऱ्या, करड्या रंगाचा ठिपकासुद्धा चालत नाही. अक्षरांचा फॉन्ट फाइलच्या पोटातच बसवलेला हवा, नाहीतर त्यांच्याकडे अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात. फाइलच्या नावात मोकळी जागा राहिली, तरी फाइल परत. तू बाळाला हात लावण्याआधी कोपरापर्यंत हात धुतेस ना, तसा आमचा हा सोवळेपणा.

आणि सगळं झाल्यावर पडताळणी. ती आम्ही अजून जुन्या पद्धतीनंच करतो. एकानं मंजूर मजकूर मोठ्यानं वाचायचा, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि दुसऱ्यानं भरायची प्रत पडद्यावर ओळीओळीनं बघत जायचं. मी वाचत होते, रेघकाका बघत होते. दुपारची वेळ, पंखा गरगरतोय, खाली दुकानात कुणीतरी अक्षरांचा तक्ता वाचतंय. मी वाचलं, परिच्छेद अकरा, पट्टी एकाच हातानं सोडवता येते स्वल्पविराम कारण सोडवणाऱ्याचा दुसरा हात अर्भकावरून उचलता येत नाही पूर्णविराम. रेघकाका पडद्यावरचं बोट न हलवता म्हणाले, “थांब. हे परत वाच.” मी वाचलं. ते म्हणाले, “हे डॉक्टरचं डोकं नाही. इंजिनिअरचं तर नाहीच नाही, इंजिनिअर माणसाला दोन हात आहेत असं धरूनच चालतो. ज्याला हे सुचलं, त्याचा एक हात जन्मभर गुंतलेला असणार. कोण आहे ही बाई?”

त्यांनी ‘बाई’ म्हटलं, ताई. पडद्यावर दोन पुरुषांची नावं असताना. मी म्हटलं, मला काय माहीत, आणि पुढे वाचू लागले, पण माझा आवाज मलाच परका वाटत होता. कारण तेव्हा मी पहिल्यांदा ते खरोखर वाचत होते. तोवर मी नुसती समासाची जागा मोजली होती. परिच्छेद एकोणीस, बोटांची टोकं उघडी राहतात, म्हणजे त्यांचा रंग बाळांच्या दोन काचपेट्या सोडूनही दिसतो. परिच्छेद तेवीस, शिवण बाहेरच्या बाजूला असते, त्यामुळे पट्टी उलटी घातल्यासारखी दिसते, पण तीच बाजू बरोबर, कारण आतल्या शिवणीचा वळ अशा कातडीवर तासाभरात उमटतो. परिच्छेद सव्वीस, कापड नवं असू नये, किमान वीस वेळा धुतलेलं असावं. वीस वेळा! हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं असणार? हे कुणीतरी मोजलंय. कुणीतरी एकोणीस वेळा धुतलेलं कापड बाळाच्या हाताला लावून, बघून, परत काढलंय. प्रत्येक वाक्यामागे एक बाळ होतं आणि त्याच्यावर वाकलेली तू. माझ्या हाताखालून आजवर किती यंत्रं, औषधं, मोटारींचे भाग गेले असतील, पण एवढ्याशा बोटभर वस्तूत इतकी वर्षांची नजर भरलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. मला तुझी भीती वाटली. रागाची वाटते तशी नाही, एखाद्या फार मोठ्या माणसासमोर उभं राहिल्यावर वाटते तशी. आणि हे मोठं माणूस माझ्याकडे येऊन कप विसळून गेलं होतं.

पडताळणी अर्ध्यावर टाकून मी डॉक्टरांना फोन केला. सांगितलं की नियमाप्रमाणे मूळ कल्पना ज्याची तो शोधकर्ता धरायलाच हवा, तर त्या सिस्टरचं नाव घालावं लागेल. ते म्हणाले, “अहो, मी तर तेव्हाच लिहून दिलं होतं. तुमच्याकडून विचारणा होईल म्हणून वाट बघितली. झाली नाही, तेव्हा वाटलं, कायद्यात बसत नसेल. मग सिस्टरना कुठल्या तोंडानं सांगणार, की तुमची पट्टी आत गेली आणि तुम्ही बाहेर राहिलात? म्हणून बोललोच नाही.” मी म्हणाले, आमच्याकडून राहून गेलं. ‘आमच्याकडून’ हा कचेरीतला फार सोयीचा शब्द आहे. मग मी तुझं पूर्ण नाव सांगितलं, आणि ते तुम्हाला कसं ठाऊक असं त्यांनी विचारल्यावर, माझी थोरली बहीण, असं सांगितलं. ते म्हणाले, नाव पहिलं घाला. आणि म्हणाले की तू अजून रोज दोन पट्ट्या घरून शिवून आणतेस, कुणी सांगितलेलं नसताना, आणि येताच गुपचूप ट्रेमध्ये ठेवून देतेस.  इंजिनिअरनं तर दुरुस्तीच्या कागदावर सही करताना म्हटलं, बरं झालं बाई, मला उगाच चोरट्यासारखं होत होतं. तुझी सही लागत नव्हती, अर्जदार रुग्णालय आहे, त्यांची पुरते. नाहीतर कुलूप निघायच्या आधीच तुला कळलं असतं.

आता शेवटच्या तारखेची गंमत ऐक, गंमत आज म्हणतेय, त्या दिवशी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. सकाळी अकराला मी सगळं भरलं. वर्णनात तुझं नाव, घोषणापत्रात तुझं नाव, दुरुस्तीच्या अर्जात तुझं नाव. मॅडमनी सही केली, पावती आली, मॅडम दाताच्या डॉक्टरकडे गेल्या. साडेतीनला मी सहज म्हणून पहिलं पान छापल्यावर कसं दिसेल ते उघडून पाहिलं, तर तिथे दोनच नावं! डॉक्टर आणि इंजिनिअर. मी तीनदा डोळे चोळले. मग लक्षात आलं. पहिलं पान आपण जोडलेल्या कागदांतून तयार होतच नाही. यंत्र ते कागद वाचत नाही. ते सुरुवातीच्या माहितीच्या फॉर्ममधले रकाने उचलतं आणि तेच पहिल्या पानावर मांडतं, आणि तो फॉर्म मी मागच्या वेळचाच पुढे ओढला होता. तेरा वर्षं नव्या मुलींना मी कानीकपाळी ओरडून शिकवते की कागदात बदललंत तर रकान्यातही बदला, आणि स्वतः मात्र तिथेच घसरले. वेळ पाचपर्यंत. पुन्हा भरायचं तर पुन्हा सही, आणि सहीची किल्ली, पेनड्राइव्हसारखी असते ती, मॅडमच्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात, आणि जुडगा दाताच्या डॉक्टरकडे.

मी धावले, ताई. या वयात, या चपलांत. मॅडम खुर्चीत आडव्या, तोंड उघडं, अर्धा गाल बधिर. मी दारातूनच ओरडले की पहिल्या पानावर नाव आलेलं नाही. दाताचे डॉक्टर माझ्यावर खेकसले, आणि बरोबरच होतं त्यांचं. मॅडमनी हातानंच त्यांना थांबवलं, पर्समधून जुडगा काढला, पण पासवर्ड त्यांच्या डोक्यात आणि जीभ जागेवर नाही. त्या बोलायला गेल्या ते मला काही कळेना, मी अंदाजानं काहीतरी म्हटलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. शेवटी गालात कापूस धरून, जबडा हातात घेऊन, त्या माझ्याबरोबर तीन गल्ल्या चालत आल्या. मी रकाना बदलला, तुझं नाव पहिलं घातलं. त्यांनी सही करायच्या आधी माझ्यासमोरच्या कागदावर लिहिलं, ‘दोनदा वाच.’ मी तीनदा वाचलं. मग त्यांनी पासवर्ड टाकला. पडद्यावरचं गोल चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं. चार वाजून बेचाळीस मिनिटांनी हिरव्या अक्षरांत आलं, ‘स्वीकारले.’ मी पहिलं पान उघडलं. तुझं नाव, पहिलं. रेघकाका त्यांच्या खोलीतून उठून आले होते. त्यांनी पडद्यावर तुझ्या नावाखालून बोट फिरवलं आणि आपल्या खोलीत परत गेले. त्यांच्या बोटाचा डाग पडला तो मी अजून पुसलेला नाही. मॅडमनी मला खूण केली की आता पाणी पी.

आणि आता ते राहिलेलं. त्या पहिल्या गुरुवारी मॅडमनी फाइलच्या आतल्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘या सिस्टर कोण? डॉक्टरांना फोन करून विचारणे. शोधकर्ता म्हणून नाव घालावे का?’ शेजारी एक चौकोन, काम झालं की खूण करायला. फोन करायचं काम माझं होतं. तो मी केला नाही. फोन करायची गरजही नव्हती, सिस्टर कोण ते मला कळलेलंच होतं. रविवारी तू येऊन गेलीस, आणि सोमवारी सकाळी मी त्या चौकोनात बरोबरची खूण केली आणि पुढे लिहिलं, ‘चौकशी केली. गरज नाही.’  का केलं, ते मी दीड वर्ष नियमाच्या आड लपवून ठेवलं होतं. मला तुझा हेवा वाटला, ताई. तू दहावीनंतर शाळा सोडून नर्सिंगला गेलीस, कारण तिथे शिकता शिकता हातात काही पडत होतं आणि त्यावर मी सायन्सला जाऊ शकले. डिग्री माझी. घरातली हुशार मी. तेरा वर्षं दुसऱ्यांचे शोध मी जगात पाठवते आहे, आणि मनात कुठेतरी होतं की एक दिवस मलाही काहीतरी सुचेल. साधा चिमटासुद्धा सुचला नाही. आणि सुचलं ते तुला, बनियनच्या काठापासून. ते मला सहन झालं नाही. मॅडमना मी हे सगळं त्या पडताळणीच्या दिवशीच सांगितलं. त्यांनी मला कामावरून काढलं नाही, पण तो चौकोन आता त्या स्वतः भरतात.

डॉक्टर परिषदेला गेले आहेत, परवा परततील. ते तुला सगळ्या वॉर्डासमोर ही बातमी सांगणार आहेत, आणि हेही सांगणार आहेत की तुमच्या धाकट्या बहिणीनं जिवाचं रान केलं म्हणून तुमचं नाव आलं. मी त्यांना म्हणाले की तसं नाही हो. त्यांना वाटलं मी उगाच लाजते आहे. आणि मी तुला ओळखते. ड्यूटी संपायच्या आत तू रजा टाकून माझ्याकडे निघशील, जिना धापा टाकत चढशील आणि मला पोटाशी धरशील. मला ते हवं आहे, ताई. दीड वर्षापासून हवं आहे. पण जे मी केलं ते तुला माहीत नसताना मला ते घेता येणार नाही, म्हणून हे पत्र डॉक्टरांच्या आधी तुझ्या हातात पडायला हवं, आणि आज दुपारच्या सुट्टीत मी ते स्वतः तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवणार आहे. वाचून झाल्यावर यावंसं वाटलं तर ये. पण आलीस तर आभार मानू नकोस. आधी मला रागाव, चांगली कडकडून, शेजारपाजारी ऐकतील अशी. एवढं आयुष्य गेलं, पण तू मला एकदाही रागावली नाहीस.

तुझीच,
मधली